लग्नाआधीचा करार: महाराष्ट्रात त्याला किती अर्थ आहे, आणि गोव्यात चित्र वेगळं का?

महाराष्ट्रातल्या लग्नात कागद ही काही नवी गोष्ट नाही. बोलणी झाली की 'याद्या' होतात. हॉलचा खर्च कोणाचा, मानपानाच्या साड्या किती, दागिने कोणी करायचे, हे सगळं कागदावर येतं आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सह्या करतात. अनेक गावांत तर याद्या झाल्या की त्याच दिवशी अक्षताही पडतात. त्यालाच 'यादी पे शादी' म्हणतात.

पण ज्या दोघांचं लग्न असतं, त्यांच्या पैशांबद्दल या यादीत एक ओळही नसते. मुलाच्या डोक्यावर किती कर्ज आहे? मुलगी लग्नानंतरही आईवडिलांना पैसे पाठवणार का? फ्लॅट कोणाच्या नावावर घ्यायचा? उद्या नाही पटलं तर काय?

हे प्रश्न आधीच लेखी सोडवण्याचा मार्ग म्हणजे लग्नाआधीचा करार, म्हणजेच प्री-नप. सेलिब्रिटींच्या घटस्फोटाच्या बातम्या आल्या की सोशल मीडियावर हा शब्द फिरू लागतो. 'आता प्रत्येकाने प्री-नप करायलाच हवा' असं एक बाजू म्हणते, तर 'भारतात तो चालतच नाही' असं दुसरी. दोन्ही विधानं अर्धवट आहेत.

प्री-नप आणि पोस्ट-नप म्हणजे नेमकं काय?

लग्नाआधी होणाऱ्या नवरा-बायकोने आपली मालमत्ता, कर्ज, उत्पन्न आणि खर्च यांबद्दल केलेला लेखी करार म्हणजे प्री-नप. लग्नानंतर केलेला तसाच करार म्हणजे पोस्ट-नप.

लग्नाआधी कोणाकडे काय होतं, लग्नानंतर घेतलेलं घर कोणाचं, कर्ज कोणी फेडायचं, व्यवसायात जोडीदाराचा वाटा असेल का, लग्न मोडलं तर वाटणी कशी, अशा गोष्टी त्यात असतात.

भारतात हा करार बेकायदा आहे का?

नाही. प्री-नपवर बंदी घालणारा कोणताही कायदा भारतात नाही. पण गोवा सोडलं तर त्याला थेट मान्यता देणारा कायदाही नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ आणि विशेष विवाह कायदा, १९५४ या दोन्हींत अशा कराराचा उल्लेख नाही.

त्यामुळे हा करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कसोटीवर तपासला जातो आणि इथेच अडचण येते. या कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जाणारा करार रद्दबातल ठरतो. लग्न टिकावं अशी कायद्याची अपेक्षा असते. त्यामुळे भविष्यात वेगळं होण्याची तजवीज आधीच करून ठेवणाऱ्या अटींकडे न्यायालयं संशयाने पाहत आली आहेत.

याचं एक जुनं उदाहरण घरजावयाच्या करारातलं आहे. टेकैत मन मोहिनी जेमादई विरुद्ध बसंत कुमार सिंह हा खटला १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला. नवरा कायम बायकोच्या माहेरी राहील आणि तिला तिथून नेणार नाही, असा करार लग्नाआधी झाला होता. न्यायालयाने ती अट मानली नाही. नवऱ्याचा बायकोला आपल्या घरी नेण्याचा हक्क अशा कराराने संपत नाही, असं त्या काळच्या न्यायालयाचं म्हणणं होतं.

त्यानंतर सव्वाशे वर्षांत लग्न, घटस्फोट आणि बायकांचे हक्क यांबद्दलचे कायदे बदलले. नवरा-बायकोंमधल्या कराराचा प्रश्न मात्र अजूनही त्याच जुन्या कलमावर येऊन थांबतो.

मुस्लिम समाजात परिस्थिती थोडी वेगळी आहे. निकाह हा मुळातच करार मानला जातो. मेहेर ठरवावा लागतो आणि निकाहनाम्यात काही अटी घालता येतात. विशिष्ट परिस्थितीत पत्नीला तलाकचा अधिकार देणारी अट, म्हणजे तलाक-ए-तफवीज, हे त्याचं ठळक उदाहरण.

करारच केला नाही तर काय होतं?

बहुतेक जोडपी असा करार करत नाहीत. म्हणून त्यांच्या पैशांना काहीच नियम लागू नसतो, असं मात्र नाही. कायद्याने आधीच एक नियम ठरवून ठेवलेला आहे. तो कोणी वाचत नाही, इतकंच.

महाराष्ट्रासह गोवा सोडून उर्वरित भारतात हा नियम साधारण असा: लग्नामुळे मालमत्ता एकत्र होत नाही. कागदावर ज्याचं नाव, त्याची ती मालमत्ता.

हे एका उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यात दोघंही नोकरी करणारं एक जोडपं आहे. ८० लाखांचा फ्लॅट घेतला. नवऱ्याचा पगार जास्त, म्हणून खरेदीखतावर आणि ६० लाखांच्या कर्जावर फक्त त्याचं नाव. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण ५२ हजार रुपये. तो नवऱ्याच्या खात्यातून जातो. किराणा, मुलांच्या फिया, कामवाल्या ताईंचा पगार, वीजबिल आणि सासऱ्यांची औषधं बायकोच्या पगारातून.

दोघंही संसारात जवळपास सारखेच पैसे घालतात. पण १५ वर्षांनी घटस्फोट झाला तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नवऱ्याने घर घेतलेलं दिसतं. बायकोने भरलेल्या किराण्याच्या बिलांवर कोणाचंही नाव नसतं.

अशा वेळी तिला पोटगी मागता येते. स्त्रीधन परत मागता येतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १७ नुसार, लग्नाच्या नात्यात एकत्र राहत असलेल्या घरात राहण्याचा हक्क सांगता येतो, मग घर कोणाच्याही नावावर असो. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. मालकीत वाटा हवा असेल तर आपले पैसे त्या घरात गेले, हे तिलाच सिद्ध करावं लागतं. ती नोकरी न करता घर सांभाळत असेल तर हे आणखी अवघड.

उलटही घडतं. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती मिळावी म्हणून फ्लॅट बायकोच्या नावावर आणि सगळे हप्ते नवऱ्याचे, अशीही घरं आहेत. तिथे पुरावे गोळा करण्याची वेळ नवऱ्यावर येते.

हा नियम बदलण्याचा प्रयत्न झाला होता. विवाह कायदे (सुधारणा) विधेयक, २०१० मध्ये, संसार पूर्णपणे मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट झाल्यास पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद सुचवली गेली. २०१३ मध्ये राज्यसभेने विधेयक मंजूर केलं, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात वेगळी भूमिका घेतली. बायको घर सांभाळते म्हणून नवरा कमवू शकतो, त्यामुळे त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही समान वाटा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो एका उच्च न्यायालयाचा आहे. देशभर लागू होणारा कायदा अजून नाही.

मग गोव्यात वेगळं काय आहे?

आता हेच जोडपं पुण्याऐवजी म्हापशाचं आहे आणि त्यांचं लग्न गोव्याच्या कायद्यानुसार नोंदवलं गेलं आहे, असं समजा. त्यांनी कोणताही करार केलेला नाही. तरीही फ्लॅटमध्ये बायकोचा अर्धा वाटा आहे, कागदावर नाव कोणाचंही असो.

याचं कारण १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा. तो गोव्यात १८७० पासून लागू झाला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले आणि त्यात हाही राहिला. हिंदू, ख्रिश्चन, मुस्लिम अशा सर्वच गोवेकरांच्या मालमत्तेला तो लागू होतो.

या कायद्यात लग्नाआधीच्या कराराला स्पष्ट जागा आहे. जोडप्यापुढे साधारण चार पर्याय असतात:

- सगळं सामायिक: लग्नाआधीची आणि नंतरची मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. करार केला नाही तर हाच पर्याय आपोआप लागू होतो.
- सगळं वेगळं: ज्याची मालमत्ता त्याची.
- फक्त नंतरचं सामायिक: लग्नाआधीचं ज्याचं त्याचं, लग्नानंतर कमावलेलं दोघांचं.
- हुंडा पद्धत: पत्नीकडून आलेली मालमत्ता वेगळी ठेवून पतीने तिचा सांभाळ करायचा, अशी जुनी पद्धत.

पहिला सोडून दुसरा कोणताही पर्याय हवा असेल तर लग्नाआधीच नोटरीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर रीतसर दस्त करावा लागतो. एकदा लग्न झालं की तो बदलता येत नाही. म्हणजे गोव्यात प्री-नपला पूर्ण मान्यता आहे, पण पोस्ट-नप करून मालमत्तेची पद्धत बदलण्याची सोय नाही.

या पद्धतीचे रोजच्या व्यवहारांवरही परिणाम होतात. सामायिक स्थावर मालमत्ता विकायची तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. आयकर कायद्यानेही याची दखल घेतली. त्यानुसार अशा जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे घरभाडं, व्याज वगैरे, दोघांत निम्मं-निम्मं विभागून मोजलं जातं.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारसाहक्काच्या एका प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागू होतो. तो खटला मुंबईतल्या मालमत्तेबद्दल होता.

गोव्याचा कायदा निर्दोष आहे असं नाही. तरीही पैशांच्या बाबतीत त्याची सुरुवात वेगळ्या गृहीतकावरून होते. संसार दोघांचा, म्हणून मालमत्ताही दोघांची. ज्यांना हे नको, त्यांनी लिहून द्यावं. महाराष्ट्रात बरोबर उलट आहे. मालमत्ता ज्याची त्याची, आणि ज्यांना सामायिक हवी त्यांनी तशी लिहून घ्यावी.

महाराष्ट्रातल्या जोडप्याने करार केलाच, तर त्यात काय टिकू शकतं?

सगळ्या अटींचं भवितव्य सारखं नसतं. घटस्फोट झाल्यावर काय, हे आधीच बांधून ठेवणाऱ्या अटी कमकुवत असतात. आज कोणाकडे काय आहे आणि पैसे कसे वापरायचे, हे सांगणाऱ्या नोंदी मात्र पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात.

उपयोगी ठरू शकणाऱ्या गोष्टी:

- लग्नाच्या दिवशी दोघांची मालमत्ता, गुंतवणूक आणि कर्ज यांची यादी
- स्त्रीधनाची आणि मिळालेल्या भेटवस्तूंची यादी
- घराच्या किमतीत आणि हप्त्यांत कोणाचा किती वाटा
- लग्नाआधीचं शैक्षणिक किंवा वैयक्तिक कर्ज कोणी फेडायचं
- आपापल्या आईवडिलांना द्यायची मदत

न टिकण्याची शक्यता जास्त असलेल्या गोष्टी:

- 'घटस्फोट झाला तर मी पोटगी मागणार नाही' ही अट. पोटगीचा कायदेशीर हक्क कराराने सोडून देता येत नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे.
- मुलांचा ताबा कोणाकडे, हे आधीच ठरवणं. यात मुलाचं हित सर्वात महत्त्वाचं असतं आणि ते न्यायालय त्या वेळची परिस्थिती पाहून ठरवतं.
- नोकरी सोडायला लावणाऱ्या, माहेरी जाण्यावर बंधन घालणाऱ्या किंवा वागण्याबद्दल दंड ठरवणाऱ्या अटी.

यातली भेटवस्तूंची यादी ही तर कायद्याचीच अपेक्षा आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधू आणि वर यांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी लग्नाच्या वेळी करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून त्यावर वधू-वरांनी सह्या करायच्या. मागणी करून लिहून घेतलेली यादी हा मात्र हुंडाच, आणि तो गुन्हा आहे.

ही यादी किती कामाची असते, हे स्त्रीधनाच्या वादांत कळतं. स्त्रीधनावर पतीचा हक्क नसतो. अडचणीत त्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण सोनं किती तोळे होतं, हे आधी दाखवावं लागतं. यादी नसेल तर हाताशी उरतात फक्त लग्नाचे फोटो.

लग्न होऊन गेलंय. आता काय करता येईल?

इथे 'पोस्ट-नप' नावाचा एकच कागद करण्यापेक्षा, ज्यांना कायद्याची स्पष्ट मान्यता आहे असे कागद करणं जास्त भरवशाचं.

घर दोघांच्या नावावर करणं. महाराष्ट्रात राहतं घर बक्षीसपत्राने पती किंवा पत्नीला देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा. घरावर कर्ज असेल तर बँकेची परवानगी लागते. अशा बक्षिसावर जोडीदाराला कर लागत नाही, मात्र त्या घराचं भाडं आलं तर ते देणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं.

मृत्युपत्र. दुसऱ्या लग्नात हे फार महत्त्वाचं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर दुसरी पत्नी, दोन्ही लग्नांतली मुलं आणि त्याची आई यांना समान वाटे मिळतात. अमुक घर पहिल्या लग्नातल्या मुलीला द्यायचं असेल तर ते मृत्युपत्रात लिहावं लागतं. फक्त नॉमिनीचं नाव लावून ती व्यक्ती मालक होत नाही.

परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अटी. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंच असेल, तर त्या वेळी ठरलेल्या वाटणीच्या अटी न्यायालयासमोर मांडता येतात आणि त्या हुकूमनाम्याचा भाग होऊ शकतात.

पण 'आपण संमतीने वेगळे राहू' असं नुसतं लिहून देण्याआधी सावध राहायला हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नुसार, पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला त्या कलमाखाली पोटगी नाकारली जाऊ शकते. तात्पुरती शांतता म्हणून केलेली सही पुढे महागात पडू शकते.

परदेशात स्थायिक होणाऱ्यांचं काय?

लग्न नाशिकला आणि संसार कॅलिफोर्नियात, अशी मराठी घरं कमी नाहीत. तिथे घटस्फोटाचा अर्ज झाला तर वाटणीला सहसा तिथलाच कायदा लागू होतो. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई सर्वसाधारणपणे दोघांची समान मानली जाते. प्री-नपला मान्यता आहे, पण मसुदा हातात आल्यापासून सही करेपर्यंत किमान सात दिवस जावे लागतात. पोटगीचा हक्क सोडणाऱ्या व्यक्तीला स्वतःचा स्वतंत्र वकील असावा लागतो.

ब्रिटनमध्ये २०१० च्या राडमाकर विरुद्ध ग्रानाटिनो निकालानंतर दोघांनी समजून-उमजून केलेल्या कराराला मोठं वजन मिळतं, मात्र तो अन्यायकारक ठरत नसेल तरच.

या दोन्ही ठिकाणी भर एकाच गोष्टीवर आहे. सही करणाऱ्याला समोरच्याची खरी आर्थिक स्थिती माहीत होती का, आणि नाही म्हणायला वेळ होता का?

करार करायचाच असेल तर कसा?

- दोघांचे वकील वेगळे असावेत. एका कुटुंबाच्या ओळखीचा वकील दोघांच्या वतीने मसुदा करत असेल तर पुढे दबावाचा आरोप होऊ शकतो.
- हळदीच्या आदल्या रात्री सही घेऊ नये. पत्रिका वाटून झाल्यावर 'नाही' म्हणणं मुलीच्या घरच्यांना किती अवघड असतं, हे वेगळं सांगायला नको. करार कायद्यानुसार संमती मोकळी असावी लागते.
- कर्ज आणि मालमत्ता लपवू नये. खोट्या माहितीवर उभा असलेला करार टिकत नाही.
- पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे फ्लॅट नावावर झाला, असं होत नाही. स्थावर मालमत्ता द्यायची असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवावाच लागतो.
- मूल झालं, कोणी नोकरी सोडली, नवं घर घेतलं की कागद पुन्हा पाहावेत.

आणि करार करायचा नसेल तर?

तरी दोघांनी एक संध्याकाळ काढून चार प्रश्न विचारून घ्यायला हरकत नाही. तुझ्यावर कर्ज किती आहे? घर घेतलं तर कागदावर कोणाची नावं? कोणी मुलांसाठी किंवा घरातल्या आजारपणासाठी नोकरी सोडली तर त्या व्यक्तीच्या नावावर दरमहा काय जमा होणार? आपापल्या आईवडिलांची जबाबदारी कशी?

यातला तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं. महाराष्ट्रात कायदा नाव पाहतो. दहा वर्षं घर सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव खरेदीखतावर, ठेवींवर किंवा गुंतवणुकीत कुठेच नसेल, तर पुढे ते मिळवायला न्यायालयात वर्षं जातात. लग्न छान चाललेलं असताना तेच काम दुय्यम निबंधक कार्यालयातल्या एका फेरीत होतं.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष करार किंवा दस्त करण्याआधी वकिलांचा सल्ला घ्यावा.)